नाटकात नवीन माणसानं कसं शिरावं

(रत्नागिरीत झालेल्या तरुणांच्या एका मेळाव्यातल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज आहे तसाच ठेवला आहे.)



आयोजकांनी मला सांगितलं, "नाटकात नवीन माणसानं कसं जायचं, तेवढं मुलांना सांग." मी पेशानं सॉफ्टवेअर इंजिनीअर. इंजिनीअरिंग केलं, काही वर्षं पुण्यात नोकरी केली, लॉकडाऊनमध्ये घरी परतलो आणि आता रत्नागिरीतूनच काम करतो. नट म्हणून तुम्ही माझं नाव ऐकलेलं नाही, ऐकायचं कारणही नाही. एवढ्या काळात स्टेजवर तीन छोट्या भूमिका केल्या, त्यातल्या एका भूमिकेत मी बहुतेक वेळ प्रेक्षकांकडे पाठ करून बसलेला होतो. बाकी सगळा वेळ विंगेत, नाहीतर ध्वनीच्या टेबलामागे. तेव्हा अभिनय कसा करावा, हे मी सांगणार नाही. आत कसं जायचं आणि आत गेल्यावर काय होतं, एवढंच सांगतो.

आपल्यातल्या अनेकांना वाटतं, की नाटकात जायचं म्हणजे कुणीतरी बोलावणं धाडावं लागतं. किंवा मुंबईत असते तशी ऑडिशन असते, रांगेत उभं राहायचं, नंबर लागला तर लागला. आणि तिसरं, जे आपण मोठ्यानं बोलत नाही: "आपल्याला घेतील का?" मला हा प्रश्न बरीच मुलं विचारतात. त्यांना मी सांगतो, की घेतील का याच्या आधी, त्यांना कशाची गरज आहे ते बघ.

हौशी नाटक म्हणजे पोटासाठी न केलेलं नाटक. करणारा माणूस दिवसा एसटीत असतो, बँकेत असतो, शाळेत शिकवतो, एमआयडीसीत शिफ्ट करतो, दुकान चालवतो. संध्याकाळी साडेसात-आठला कुठल्यातरी शाळेच्या वर्गात, नाहीतर कुणाच्या पडवीत तालीम. आपल्या महाराष्ट्रात या हौशी मंडळींसाठी राज्य नाट्य स्पर्धा आहे. महाराष्ट्र राज्य होण्याच्या आधीपासून ती चालू आहे. सांस्कृतिक कार्य संचालनालय ती भरवतं, प्राथमिक फेरी केंद्राकेंद्रावर होते आणि रत्नागिरी हे त्यातलं एक केंद्र आहे. आपल्याकडे दिवाळीच्या पुढेमागे स्वातंत्र्यवीर सावरकर नाट्यगृहात रोज एका संस्थेचं नाटक लागतं. तिकीट अगदी थोडकं. त्यातून निवडलेली नाटकं अंतिम फेरीला जातात. एकांकिकांच्या स्पर्धा वेगळ्या. संगीत नाटकासाठी 'खल्वायन'सारखी संस्था इथे आहे. आणि शहराबाहेर पडलात तर शिमग्यात नमन-खेळे, गणपतीत जाखडी. म्हणजे नाटकाची या जिल्ह्यात काही कमी नाही. मिरकरवाडा, राजिवडा, कोकणनगर इथून नाट्यगृह किती लांब आहे? रिक्षानं थोडक्यात पोचतो. तरी माझ्या लहानपणी आमच्या ओळखीतलं कुणी तिथं नाटक बघायला जाताना मी पाहिलं नव्हतं. कुणी अडवलं होतं असं नाही. सवय नव्हती, इतकंच.

मी गेलो तो असा. घरून काम करायला लागलो, दिवसभर खोलीत स्क्रीनसमोर. संध्याकाळी बोलायला माणूस नाही. एक दिवस मित्राबरोबर स्पर्धेतलं नाटक बघायला गेलो. नाटक संपल्यावर बघतो तर मघाशी जो माणूस मंचावर जमीनदार होता, तोच आता घामाघूम होऊन नेपथ्याचे फ्लॅट टेम्पोत चढवतोय. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या संस्थेचं नाटक, म्हणून रात्रीच सगळं खाली करायचं होतं. आम्ही दोघांनी हात लावला. अर्ध्या तासानं मी त्यांना विचारलं, "तालमीला येऊ का? काहीही काम असेल तर करीन." ते म्हणाले, "पुढच्या वेळी वाचन सुरू झालं की ये. पण रोज येणार असशील तरच." मुलाखत एवढीच. नाव विचारलं ते नंतर, चहा पिताना.

"रोज येणार असशील तरच" हे वाक्य लक्षात ठेवा. हौशी संस्थेचं खरं दुखणं तिथं आहे. आठ पात्रांचं नाटक असलं, की रोज दोन जण गैरहजर. एकाची ड्यूटी बदलली, एकाच्या घरी पाहुणे. चांगला नट मिळतो, पण रोज वेळेवर येणारं माणूस मिळत नाही. ते माणूस तुम्ही झालात, की तुमच्याशिवाय अडायला लागतं. तुम्ही कुठल्या मोहल्ल्यातले, तुमचं नाव काय, तुमचा आवाज कसा, हे सगळं मग नंतरचं.

आता आत काय काय काम असतं ते सांगतो, म्हणजे तुम्हाला आपापलं काम हुडकता येईल.

पहिलं, प्रॉक्सी. गैरहजर नटाच्या जागी उभं राहून संहिता हातात धरून त्याची वाक्यं वाचायची. यात अभिनय अपेक्षित नसतो. समोरच्या नटाला त्याचं वाक्य मिळावं आणि कुणी कुठे उभं राहायचं ते चुकू नये, एवढंच. पण महिनाभर प्रॉक्सी केली, की नाटकातल्या प्रत्येक पात्राच्या जागी तुम्ही एकदा तरी उभे राहिलेले असता. दिग्दर्शक एखाद्याला "दोन पावलं मागे ये" का म्हणतो, ते कळतं.

दुसरं, प्रॉम्प्टिंग. विंगेत बसून नट अडला तर पुढचा शब्द पुरवायचा. हे दिसतं सोपं. पण नट मुद्दाम थांबलाय की विसरलाय, हे ओळखणं हीच त्यातली विद्या. घाईनं शब्द दिला तर त्याचा विराम मोडतो, उशिरा दिला तर प्रेक्षकाला कळतं. त्यासाठी संहिता वाचणं पुरत नाही, माणसाचा श्वास ओळखावा लागतो. ज्या माणसाशी आयुष्यात कधी गाठ पडली नसती, असा साठीचा एक निवृत्त मास्तर किंवा कोर्टातला एक कारकून, यांचा श्वास मी तीन तीन महिने ऐकलाय. शेजारी राहूनही माणसं इतकी कळत नाहीत.

तिसरं, ध्वनी आणि प्रकाश. हे माझ्या धंद्याच्या जवळचं. कुठल्या वाक्यावर पाऊस सुरू, कुठल्या हालचालीवर डावीकडचा स्पॉट मंद, याचा तक्ता करायचा. त्याला क्यू शीट म्हणतात. आमच्याकडे आधी ती वहीत असायची, मी ती लॅपटॉपवर केली. पण खरं सांगतो, प्रयोगाच्या रात्री वहीच बरी. लॅपटॉपचा उजेड विंगेत पडतो आणि वीज गेली तरी वही चालू राहते. आपल्याकडे विजेचं तुम्हाला माहीतच आहे.

चौथं, नेपथ्य, वेशभूषा, रंगभूषा आणि वस्तू सांभाळणं. तिसऱ्या प्रवेशात लागणारं पत्र तिसऱ्या प्रवेशात खिशात असलंच पाहिजे. ज्याच्याकडे हे काम, तो नाटकातला सगळ्यात महत्त्वाचा माणूस. टाळ्या त्याला नसतात.

पाचवं, कागदपत्रं. नाटक करायचं तर लेखकाची परवानगी लागते, त्याचं मानधन द्यावं लागतं. महाराष्ट्रात संहिता रंगभूमी प्रयोग परीक्षण मंडळाकडून संमत करून घ्यावी लागते. स्पर्धेचे अर्ज, मुदती. ज्यांना अकाउंट्स, ऑफिस, फॉर्म भरणं जमतं, त्यांना संस्था डोक्यावर घेते. अतिशयोक्ती करत नाही.

तर दार हे आहे. रंगमंचाच्या पुढच्या बाजूला नाही, मागच्या बाजूला, टेम्पो लागतो तिथं. हा झाला पहिला भाग. दुसरा भाग थोडा अवघड आहे.

विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' तुम्ही वाचलं नसेल तर वाचा. १९६७ सालचं नाटक. सुलभा देशपांडे त्यात बेणारेबाई होत्या. हे नाटक हौशी मंडळींवरच आहे. मुंबईची एक मंडळी एका गावात अभिरूप न्यायालयाचा कार्यक्रम करायला येते. एक जण आलेला नसतो. म्हणून तिथल्याच सामंत नावाच्या साध्या गावकऱ्याला साक्षीदार म्हणून उभं करायचं ठरतं. त्याला हे प्रकरण कळावं म्हणून आधी गंमत म्हणून एक खोटा खटला चालवतात आणि आरोपी करतात बेणारेबाईंना. पुढे ती गंमत राहत नाही. सामंत बिचारा हातातल्या कादंबरीतली वाक्यं साक्ष म्हणून वाचतो आणि ती नेमकी त्या बाईच्या जिव्हारी लागतात.

मी प्रॉक्सी करत असताना हे नाटक वाचलं आणि सामंत माझ्या डोक्यातून गेला नाही. कारण तो नवा माणूस आहे. भला आहे. मंडळींनी घेतलं याचाच त्याला आनंद. जे वाचायला सांगितलं ते तो वाचतो. त्याच्या मनात वाईट काही नसतं, आणि तरी त्याच्या तोंडून एका माणसाचं वाटोळं होतं. नवीन माणसावर सगळ्यात मोठा दबाव कसला असतो? आपल्याला घेतलंय, आता तोंड उघडू नये, हा. तो दबाव मला पुढे प्रत्यक्षात भेटला.

आमच्याच संस्थेतल्या एकानं एकांकिका लिहिली होती. त्यात मिरकरवाड्याच्या बंदरावरचा एक मासळीचा व्यापारी होता, मुसलमान. त्याची सगळी वाक्यं "हम लाया है, तुम देता नहीं" अशी. वाचन झालं, सगळे हसले. लेखक माझा चांगला मित्र, मनात काडीचं वाईट नाही. वाचनानंतर मी विचारलं, "हा माणूस कुठला?" म्हणाला, "मिरकरवाड्याचा." मी म्हटलं, "मग हा असा का बोलतो? मी असा बोलतो का?"

थोडी शांतता झाली. एक जण म्हणाले, "अरे, पण प्रेक्षकाला कळणार कसं, की हा मुसलमान आहे?" मी म्हटलं, "नाव आहे ना त्याला. आणि दोन मिनिटं नाही कळलं, तर बिघडलं काय?" कुणी चिडलं नाही, पण कुणी लगेच पटलंही असं नाही. विनोद जातो, असं दिग्दर्शकांचं म्हणणं. मी लेखकाला म्हटलं, उद्या पहाटे माझ्याबरोबर बंदरावर चल. होड्या लागल्या, लिलाव सुरू झाला. तासभर उभे राहिलो. तिथे दालदी माणसं भाव कशी करतात, एकमेकांना कशी टोमणे मारतात, समोर हिंदू गिऱ्हाईक आलं तर त्याच बोलीत कशी बोलतात, हे त्यानं ऐकलं. परत येताना तो काही बोलला नाही. चार दिवसांनी नवी वाक्यं घेऊन आला. ती जुन्यापेक्षा जास्त हसवणारी होती, कारण आता तो व्यापारी हुशार झाला होता. आधी लोक त्याला हसत होते, आता तो लोकांना हसवत होता.

सगळं माझ्या मनासारखं झालं असं समजू नका. टोपी आणि दाढी दिग्दर्शकांनी ठेवलीच. मला आजही वाटतं, ती नको होती. तो वाद अजून चालू आहे आणि आम्ही दोघंही अजून त्याच संस्थेत आहोत. संहिता परीक्षणाला जायच्या आधी बोललो म्हणून बदल शक्य झाला, हेही लक्षात ठेवा. छापील नाटकात असं परस्पर बदलता येत नाही, लेखकाची परवानगी लागते. म्हणून बोलायचं ते पहिल्या वाचनालाच, आणि मन दुखलं म्हणून नव्हे तर पात्र खोटं वाटतंय म्हणून. नाटकवाल्याला ही भाषा समजते. पात्र खोटं आहे म्हटलं, की त्याची झोप उडते.

आता भाषेचं आलंच आहे तर आणखी एक. आपली घरची बोली वेगळी. 'ण' आणि 'ळ' आपल्याकडे सैल पडतात. पाणीचं पानी, शाळेची शाला. मला पहिली भूमिका मिळाली तेव्हा आमच्या निवृत्त सरांनी माझ्याकडून महिनाभर रोज पंधरा मिनिटं ळ आणि ण घोटून घेतला. बाहेर जुलैचा पाऊस, वर पत्रा, त्या आवाजावर आवाज चढवून. मला आधी वाटलं, आता घरची बोली सोडायची. सर म्हणाले, "सोडायची कशाला? ती दुसऱ्या खिशात ठेव. एक दिवस तीच लागेल."

ते खरं आहे. गंगाराम गवाणकर आपल्याच राजापूर तालुक्यातल्या माडबनचे. त्यांचं 'वस्त्रहरण' १९८० साली आलं. तेही हौशी नाटकावरचंच नाटक: गावची मंडळी द्रौपदी वस्त्रहरण बसवतात आणि काय काय गोंधळ होतो त्याची कथा. ते मालवणीत आहे. मच्छिंद्र कांबळींनी त्याचे हजारो प्रयोग केले, परदेशात नेलं. ज्या बोलीत बोलायला मुंबईत चाकरमानी लाजत होता, त्या बोलीसाठी लोक तिकीट काढून यायला लागले. तिकडे छत्तीसगडमध्ये हबीब तन्वीरांनी गावातले नट घेतले आणि त्यांना त्यांच्याच छत्तीसगढीत बोलू दिलं. 'चरनदास चोर' जगभर गाजलं. कोकणी मुसलमानांच्या बोलीत असं नाटक अजून कुणी गाजवलेलं मी पाहिलेलं नाही. प्रमाण मराठीतला ळ पक्का करा आणि ती बोलीही सांभाळा. कुणीतरी ते नाटक लिहायचं आहे. इथे बसलेलं असेल ते माणूस.

घराबद्दल बोलतो. अब्बांना माझं नाटकात जाणं आवडलं नाही. त्यांचे आक्षेप मला हसण्यावारी न्यायचे नाहीत. रात्री अकराला घरी येतोस, नोकरीवर परिणाम होईल, हा एक. नाचगाणं, सोंगं हे आपलं काम नाही, हा दुसरा. आणि मोहल्ल्यात कुणी काही बोललं तर ते अम्मीला ऐकावं लागतं, हा तिसरा, आणि तोच खरा. मी वाद घातला नाही, वेळ पाळली. ऑफिसचं काम आधी, फजरला उठणं चुकवलं नाही, तालमीचं वेळापत्रक फ्रिजवर लावलं, म्हणजे मी कुठे आहे हे घरात कळावं. अब्बा अजून माझा एकही प्रयोग बघायला आलेले नाहीत. पण आताशा रात्री दार उघडताना विचारतात, "आज दिवे नीट लागले का?" मी त्यावर समाधानी आहे.

"हे आपलं काम नाही" हे मात्र इतिहासाला धरून नाही, एवढं मी कुणापुढेही सांगीन. बालगंधर्व गात होते तेव्हा तबल्यावर अहमदजान थिरकवा होते, सारंगीवर कादरबक्ष होते. पेशवाईतले सगनभाऊ मुसलमान शाहीर. बार्शीचे अमर शेख, मूळ नाव मेहबूब पटेल, त्यांनी डफावर महाराष्ट्र जागवला. सोलापूरच्या फैय्याजबाई १९६७ साली 'कट्यार काळजात घुसली'त झरीना झाल्या आणि २०१५ साली बेळगावच्या नाट्यसंमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. तेव्हा आपण कुणाच्या घरात पाहुणे म्हणून जात नाही. फार दिवस फिरकलो नाही, इतकंच.

आता दुसऱ्या बाजूच्या बारीकसारीक गोष्टी. प्रयोगाआधी नटराजाची पूजा होते, नारळ फुटतो. मला पहिल्यांदा विचारणा झाली, "तुला चालेल ना?" मी म्हटलं, मी शेजारी उभा राहतो, हात जोडणार नाही, पण नारळ आणायचं काम माझं. तेव्हापासून नारळ मीच आणतो. खोबरं सगळे मिळून खातो. तुम्हाला वेगळं वाटत असेल तर तुम्ही वेगळं ठरवा. फक्त आधी सांगा, ऐन वेळी तोंड लपवू नका. एकदा तालमी रमजानात आल्या. मी रोजे धरत होतो. कुणी गाजावाजा केला नाही, पण चहाची सुट्टी आपोआप मगरिबच्या वेळेवर सरकली आणि सातव्या दिवशी लक्षात आलं, की खजूर कुणी आणायचा याची त्यांची पाळी लागलेली आहे.

आणि एक प्रश्न तुम्हाला सारखा विचारला जाईल: "तुमच्यात नाटक चालतं का?" पहिल्या वर्षी मी लांबलचक उत्तर द्यायचो. आता म्हणतो, "मला चालतं. बाकीच्यांचं त्यांना विचारा." तुम्ही तिथं सगळ्या समाजाचे वकील म्हणून जात नाही. पेचकस कुठे आहे, ते माहीत असणारा माणूस म्हणून जाता.

मुलींसाठी थोडं वेगळं बोलायला हवं, कारण त्यांच्या अडचणी वेगळ्या आहेत. रात्रीच्या तालमी, परत येण्याची सोय, घरची परवानगी. पण एक गोष्ट तुमच्या बाजूनं आहे: हौशी संस्थांना स्त्री-कलाकार मिळत नाहीत. सगळ्या संस्था शोधात असतात. म्हणजे अटी घालण्याची ताकद तुमच्याकडे आहे, ती वापरा. आमच्या मोहल्ल्यातली एक मुलगी, फार्मसीला आहे, वेशभूषेसाठी यायला लागली. पहिल्याच दिवशी तिनं सांगितलं, "साडेआठला मी निघणार, आणि मी मैत्रिणीबरोबरच येणार." तिची आई दोनदा येऊन मागच्या बाकावर बसून गेली. संस्थेनं तिच्याबरोबर इतर मुलींचेही प्रवेश आधी घ्यायला सुरुवात केली. त्याचा फायदा सगळ्यांनाच झाला. कोर्टातले काका म्हणाले, आता मलाही घरी गरम जेवण मिळतं. ती मुलगी अजून मंचावर गेलेली नाही. जायचं की नाही, ते ती ठरवील.

शेवटी, ज्यांना खरंच जायचं आहे त्यांच्यासाठी. नाटक दिसतं दिवाळीनंतर, पण ठरतं पावसाळ्यात. संहितेची निवड आणि पहिली वाचनं जुलै-ऑगस्टच्या सुमारास सुरू होतात, तेव्हा जा. त्याआधी स्पर्धेची चार-पाच नाटकं बघून ठेवा, म्हणजे कुठल्या संस्थेचा पिंड कसा, ते कळेल. गेल्यावर "भूमिका आहे का" असं विचारू नका, "काम काय आहे" असं विचारा. आठवड्यातले किती दिवस येणार ते खरं सांगा. चार म्हटलं तर चार दिवस या. पहिल्या वर्षी मंचावर जाण्याचा हट्ट धरू नका. पहिल्या वाचनाला मात्र कान उघडे ठेवा आणि काही खोटं वाटलं तर बोला.

या पावसाळ्यात मी पुन्हा वाचनाला जाणार आहे. ज्यांना पहिल्या दिवशी एकट्यानं जायला अवघड वाटतं, त्यांनी आज जाताना मला नाव देऊन ठेवा. मारुती मंदिरापाशी भेटू आणि तिथून चालत जाऊ. आल्या आल्या खुर्च्या मांडाव्या लागतील, एवढं आधीच सांगून ठेवतो.

आता तुमचे प्रश्न घेतो.